गढूळ न होणारं पाणी

१

काचेच्या नळीतलं पाणी गढूळ व्हायला हवं होतं आणि ते काही केल्या होत नव्हतं. गुन्हा म्हणावा तर एवढाच. पण तेवढ्यावरून सुप्याच्या धरणवसाहतीतल्या त्या खोलीत सगळ्यांची तोंडं उतरली, आणि बंगळूरहून आलेल्या डॉ. रंगनाथांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ते साल त्र्याण्णव. धरण कधीच पुरं झालं होतं, इंजिनियर लोक आपापल्या गावी गेले होते, क्वार्टर्स ओस पडल्या होत्या. त्यांतल्या दोन क्वार्टर्स जोडून डॉ. तारा मिराशीनं औषध शोधायचं केंद्र थाटलं होतं. वीज घरचीच, जंगल दाराशी, आणि हिवतापाचे रोगी हवे तेवढे. शहरातली नोकरी नाकारून ती इथं आली, तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं. एकट्या तिच्या मामानं काढलं नाही. ‘आमची तारा’ हे दोन शब्द उच्चारताना त्याची मान आपोआप ताठ होई.

हा मामा म्हणजे निवृत्त फौजदार पुंडलिक गावडे. भाचीचा मानाचा दिवस बघायला तो रामनगरहून भल्या सकाळी इस्त्रीचा कोट घालून जीपनं आला होता. त्याची जुनी जीप हल्ली एका झटक्यात सुरू होई. बॅटरीत नुकतंच पाणी घातलं होतं, आणि त्याचंही श्रेय तो स्वतःकडेच घेई.

ताराचं काम त्याला तिनंच समजावलं होतं. प्रथिन म्हणजे ठरावीक घड्या घातलेला बारीक धागा. उष्णता दिली की घड्या विस्कटतात आणि पाणी गढूळ होतं, जसा अंड्यातल्या बलकाभोवतीचा पातळ भाग शिजून पांढरा होतो तसं. हिवतापाच्या जंतूचं एक प्रथिन पन्नास अंशाला असं मोडे. पण जंगलातल्या एका मुळीतून काढलेला चिमुकला रेणू त्याच्या घडीत जाऊन बसला, की तेच प्रथिन छप्पन अंशापर्यंत तग धरी. सैल पेंढीला आळा घातल्यासारखं. रेणू प्रथिनाला धरतो याचा हा पुरावा, आणि जो धरतो त्यातूनच उद्या औषध होण्याची आशा.

आज ते सगळं पाहुण्यांसमोर मोजून दाखवायचं होतं. आधी नुसतं प्रथिन, औषध न घातलेलं. पारा पन्नासवर गेला, पुढे सरकला, तरी पाणी झऱ्यासारखं स्वच्छ. थेट पंचावन्नच्या पुढे गेल्यावर ते गढुळलं.

रंगनाथ कन्नडमध्ये, अगदी सौम्यपणे बोलले. एक तर आधीचे सगळे आकडे चुकीचे असतील, नाहीतर या नळीत कुणीतरी औषध घातलं असेल. दोन्ही गोष्टी वाईटच. ताराचं म्हणणं पडलं की ताजं पाणी करून पुन्हा मोजू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. हवं ते उत्तर येईपर्यंत मोजत राहणं म्हणजे मोजणं नव्हे, ते म्हणाले. आधी हे का झालं ते सांगा. नाही सांगता आलं, तर काम शहरात हलवावं आणि हे केंद्र बंद करावं, असंच त्यांना लिहावं लागेल. जेवून ते निघणार होते.

ताराची मान खाली गेली. पुंडलिकनं तिला लहानपणापासून बघितलं होतं, सुप्याचं जुनं घर पाण्याखाली गेलं तेव्हाही बघितलं होतं. तेव्हासुद्धा तिची मान अशी खाली गेली नव्हती.

तो उठला. “साहेब, तुमचं जेवण हुईतवर मला वेळ द्या,” तो म्हणाला. “ह्या नळीत कुणी हात घातला, ते मी सांगतो.”

२

पहिला संशय आयताच समोर बसला होता. डॉ. शंकर कुलकर्णी, बेळगावचे रसायनवाले. मुळीतून तो रेणू वेगळा काढणारे हेच. आणि धारवाडला बदली मिळावी म्हणून अर्ज करणारेही हेच. केंद्र बंद पडलं तर फायदा कुणाचा, हे सांगायला फौजदार लागत नव्हता.

त्यात पुंडलिकला थंड कपाटात आणखी एक गोष्ट सापडली. औषधाच्या कुपीचं बूच सैल होतं.

“काल संध्याकाळी ह्या कपाटापाशी कोण होतं?” त्यानं विचारलं.

“मी होतो,” शंकरराव म्हणाले.

इतक्या सरळ उत्तराची पुंडलिकला सवय नव्हती. तो जरा बिचकला. मग भुवया चढवून त्यानं कुपी का उघडली ते विचारलं. शंकरराव ओशाळले. उगाचच उघडली, म्हणाले. दिवसातून दोनदा उघडून बघायची खोडच लागली होती त्यांना. पोतंभर मुळ्या कुटून, गाळून, आटवून जेमतेम चमचाभर निघालेली ती भुकटी. दुसऱ्या कुणाच्या हातून एवढी शुद्ध निघाली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. बदली बायकोच्या दुखण्यासाठी मागितली होती. केंद्र बुडावं म्हणून नव्हे.

“ते ठीक हाय. पर चिमूटभर औषध त्या नळीत पडलं न्हाई कशावरनं?”

शंकररावांनी कुपी खिडकीच्या उजेडात धरली. भुकटी हळदीसारखी पिवळी होती. मग सकाळच्या प्रथिनातलं उरलेलं, न तापवलेलं पाणी त्यांनी तिच्याशेजारी धरलं. ते विहिरीच्या पाण्यासारखं बिनरंगी होतं.

“औषध पडलं असतं तर हे पिवळं नसतं झालं? फौजदारसाहेब, माझा रंग लपत नाही.”

पुंडलिकला पटलं, आणि पटलं याचा रागही आला. औषध नाही, तरी प्रथिनाला कशानं तरी धरून ठेवलंय. ज्याला रंग नाही, वास नाही, असं काहीतरी त्या पाण्यात आहे. ते कुठून आलं?

३

केंद्रात कामाला आणखी दोघंच होती. अर्जुन वेळीप जवळच्या गुंद गावचा, दांडेलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला. त्याच्या घरातला पहिला पदवीधर तोच, आणि यंत्रावरची धूळ तो स्वतःच्या रुमालानं पुसे. दुसरी कमल, वसाहतीतलीच. तराजूवर तिचा हात असा बसला होता की तारा तिच्यामागे पुन्हा तोलून बघत नसे.

दोघांच्या कामाची वाटणी ठरलेली होती. प्रथिनाला साधं पाणी चालत नाही, ठरावीक क्षार घातलेलं लागतं. संध्याकाळी कमल क्षार तोलून काचेच्या चंबूत घालून ठेवी. सकाळी अर्जुन त्यात उकळून थेंब थेंब जमवलेलं शुद्ध पाणी खुणेपर्यंत भरी आणि हलवून बूच लावी. खिडकीच्या कट्ट्यावर चंबूंची ओळ असे. ज्यात पांढरी भुकटी दिसेल तो भरायचा, रिकाम्याला हात लावायचा नाही. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

पुंडलिकनं दोघांना वेगवेगळं बोलावलं. अर्जुन आधी आला.

“आज सकाळी काय वेगळं वाटलं का?”

अर्जुननं विचार केला. “विरघळायला उशीर लागला, मामा. लई हलवावं लागलं. मला वाटलं गारठ्यानं झालं आसंल.”

“भुकटी किती होती?”

“जरा सढळ दिसली. पर कमलअक्काचं माप. तिला कोण विचारणार?”

मग कमल आली आणि दाराशीच उभी राहिली. काल किती चंबूंत क्षार घातले, असं विचारल्यावर ती म्हणाली, एकाच. तिची नजर जमिनीवरून हलत नव्हती. पुंडलिक उठून कट्ट्यापाशी गेला आणि त्यानं ओळीतला एक चंबू उचलून उजेडात धरला. तळाशी पिठासारखी बारीक पांढरी भुकटी होती. कोरडी. पाण्याचा थेंब न लागलेली.

“एकच भरलास म्हनतीस. अर्जुननं एकात पानी घातलं. मग ह्यो दुसरा कुठनं आला?”

पुंडलिकनं आवाज चढवला. खानापूरपासून कारवारपर्यंत ज्या आवाजानं भलेभले कबूल झाले, तोच आवाज. कमल रडायला लागली.

“मामा, दुसऱ्या कुनालाबी सांगीन,” ती म्हणाली. “तुमास्नी न्हाई सांगता येत.”

४

असल्या वाक्याचा अर्थ फौजदाराच्या कोशात एकच असतो. हिनंच केलं. पुंडलिक तडक ताराकडे गेला आणि चोर सापडल्याचं त्यानं सांगितलं. ताराचा विश्वास बसेना. कमलनं क्षारांचा कण कधी इकडचा तिकडे केला नव्हता. तारा म्हणाली, कुणी केलं ते मागून बघू, आधी काय केलं ते बघू या.

सकाळी अर्जुननं वापरलेला चंबू तिनं हातात घेतला. बूच निघेना. पिळलं, ओढलं, शेवटी रुमालात धरून उपसलं. क्षारांच्या पाण्यानं बूच असं कधी बसत नसे. चंबूखाली कट्ट्यावर दोन थेंब सांडून वाळले होते. तिथून खिडकीच्या फटीपर्यंत काळ्या मुंग्यांची एक शिस्तशीर रांग चालली होती. शेजारच्या चंबूंकडे एकही मुंगी वळत नव्हती.

पुंडलिकनं बोट बुडवून तोंडाकडे नेलं. तारानं त्याचं मनगट धरलं.

“मामा, हितं काय चाखायचं न्हाई. चाखायचं काम मुंग्यांनी केलंय की.”

आणि ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

“साखर हाय. बिनरंगी, बिनवासाची. मामा, साखरेच्या दाट पाण्यात कुठलंबी प्रथिन उशिरा मोडतं. उळवीच्या जत्रंत माणूस चेंगरंल, पर आडवा पडत न्हाई बघा. चारी अंगांनी दाटी आसती. साखर तसं करती. आमचे आकडे खोटे न्हवते. आजचं पानीच येगळं हुतं.”

म्हणजे अर्जुननं भरलेला चंबू कमलचा नव्हताच. कमलचा कोरडा चंबू ओळीत तसाच राहिला होता. साखरेचा चंबू आधी हाताला लागला, आत पांढरं दिसलं, अर्जुननं पाणी घातलं. साखरेचे दाणे विरघळायला वेळ लागणारच.

इथवर सगळं जुळलं. पण मोजायच्या खोलीत साखर यावी कशी? चहाची कपबशीसुद्धा तारा उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. तिनं कमलला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि माझ्यासाठी सांग, म्हणाली.

कमल ताराकडेच बघत बोलली. केंद्रातलं काचेचं भांडं बाहेर द्यायचं नाही हा नियम होता. तो तिनं मोडला होता. मागच्या आठवड्यात एका चंबूत शुद्ध पाणी घालून तिनं तो बाहेर दिला. मोठ्या माणसानं मागितलं, नाही कसं म्हणायचं? तेव्हापासून ओळीत एक जागा रिकामी होती. काल संध्याकाळी ती क्षार ठेवून घरी गेली तेव्हाही रिकामी होती. आज सकाळी बघते तो ओळ भरलेली. परत आलेलंच भांडं वापरलं गेलं की काय, या विचारानं ती घाबरली.

“कोन हुता त्यो मोठा मानूस?” पुंडलिकनं विचारलं.

कमलनं फक्त खिडकीबाहेर, आंब्याखाली उभ्या असलेल्या जीपकडे बघितलं.

५

काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण पुंडलिकनं आयुष्यभर इतरांना ऐकवली होती.

त्याला सगळं लख्ख आठवलं. बॅटरीचं पाणी मागायला तोच आला होता. डबा आणायला विसरला होता. ‘कशातबी घाल गं, परत पाठवून देतो’ हेही तोच म्हणाला होता. घरी जाऊन पाणी बॅटरीत ओतलं, रिकामा चंबू पडवीत ठेवला आणि तो ते विसरूनही गेला. पुढचं काम मंगलचं, त्याच्या बायकोचं. परवा रात्री ती म्हणाली होती की उळवीला जाताना ताराचं भांडं टाकून जाते. तो ‘बरं’ म्हणाला होता. बायकोचं ऐकताना तो नेहमीच बरं म्हणे.

शंकररावांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, “हे पाहा, प्रथिनाचा घाणा बिघडला होता असं सांगू. घरातली गोष्ट घरात राहील. फौजदारसाहेबांचं नाव कशाला यायला हवं?”

पुंडलिकला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुन्हे चव्हाट्यावर मांडलेल्या माणसाला आपलं नाव त्या ओळीत नको होतं. पण त्यानं ताराकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. घाणा बिघडला म्हटलं, तर तिच्या मोजण्यावरचा डाग तसाच राहणार होता.

तो कोट सारखा करून बाहेर आला. रंगनाथ हात धुऊन नुकतेच उभे राहिले होते. पुंडलिकनं त्यांना सगळं सांगितलं, बॅटरीपासून मुंग्यांपर्यंत. कन्नडमध्ये सांगितलं, म्हणजे त्यांनाही एकेक शब्द कळावा. चूक माझ्या घरची, म्हणाला, कमलला आणि अर्जुनला यात धरू नका.

रंगनाथ विचारात पडले. गोष्ट जुळते खरी, ते म्हणाले, पण भांड्यात साखर घालून कोण पाठवतं? हे कुणी पाहिलंय?

फाटकाशी टेंपो थांबला तो त्याच वेळी. उळवीहून परतणाऱ्या बायका होत्या. विभूती लावलेल्या कपाळानं मंगलमामी खाली उतरली आणि प्रसादाची पुडी घेऊन पायऱ्या चढली. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे बघून तिनं पदर सावरला.

“काल भांडं तू आनून ठेवलंस?” पुंडलिकनं विचारलं.

“व्हय. हितं कोन न्हवतं, दार उघडंच हुतं. बायका टेंपोत खोळंबल्या हुत्या. कट्ट्यावर त्याचं भाऊबंद हुबं दिसलं, त्यांच्या पंगतीत ठेवलं.”

“रिकामं ठेवलंस?”

मंगलमामीनं त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं भरल्या घरात काहीतरी अभद्र विचारलं. “रिकामं भांडं कोन परत करतं? वंजळभर साखर घातली. चिमूटभर घालून पाठवाय आपलं काय कुडमुड्याचं घर हाय? फौजदाराचं नाव हाय गावात.”

अर्जुनला हसू आवरेना. त्यानं ते कन्नडमध्ये सांगितलं, तसं रंगनाथांनाही आवरलं नाही. त्यांच्या आईनंही कधी कुणाचा डबा रिकामा परत केला नव्हता, असं ते म्हणाले. मग ते पुन्हा गंभीर झाले. कारण पटलं. आता मोजून दाखवा.

“एक न्हाई, चार नळ्या दाखवते,” तारा म्हणाली.

तिनं कमलच्या कोरड्या चंबूत अर्जुनला पाणी भरायला लावलं. त्या क्षारांच्या पाण्यात दोन नळ्या, एक नुसत्या प्रथिनाची, एक औषधाची. मग त्याच मापानं कमलनं सकाळच्या साखरेच्या पाण्यात क्षार तोलून घातले आणि त्यातही तशाच दोन. चारही नळ्या एकाच गरम पाण्यात उभ्या केल्या. अर्जुन यंत्रापाशी बसला. कमल पारा वाचू लागली. शंकरराव मागे हात बांधून उभे राहिले, आणि पुंडलिक स्टुलावर बसला.

पन्नास अंशाला पहिली नळी गढूळ झाली. क्षारांचं पाणी, नुसतं प्रथिन. आजवरच्या प्रत्येक मोजणीत झाली होती तिथंच. पंचावन्न ओलांडल्यावर साखरेतली नुसती नळी गेली, सकाळच्याच ठिकाणी. तिच्या मागोमाग क्षारांतली औषधाची गेली, छप्पनवर. आता एकच नळी उरली, साखरेतली औषधाची. पारा साठीला पोचला. त्या पिवळसर पाण्यात धुराची रेघसुद्धा नव्हती. साखरेनं बाहेरून दाटी केली होती आणि रेणूनं आतून आळा घातला होता. अखेर एकसष्टच्या पुढे ती गढुळली, तेव्हा खोलीत कुणी श्वास सोडला ते कळलं नाही. बहुतेक सगळ्यांनीच सोडला.

दोन पाणी, दोन्हींत औषधानं मिळवलेलं अंतर जवळजवळ सारखं. रंगनाथांनी अर्जुनकडून आकडे पुन्हा वाचून घेतले. मग ते ताराकडे वळले. मी माझ्या डोक्यानं परीक्षा घेतली असती तर एवढी कडक घेतली नसती, ते म्हणाले. काम इथंच राहील. आणि या माणसांकडेच राहील, असंही लिहिणार आहे.

तारानं मान डोलावली आणि चारही नळ्या पाण्यातून काढून ओळीनं लावल्या. कमल आणि अर्जुन एकमेकांकडे बघत होते. शंकररावांनी कपाट उघडलं आणि पुन्हा एकदा कुपीचं बूच काढून बघितलं. या वेळी कुणी त्यांना काही विचारलं नाही.

मंगलमामीला अजून धाकधूक होती. “माझ्या साखरंनं पोरीचं नुकसान झालं का गं?”

“न्हाई मामी. तुझ्या साखरेतबी माझं औषध सरस ठरलं.”

मंगलमामीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि प्रसाद वाटायला घेतला. पाहुण्यांच्या हातावर तिनं दुप्पट ठेवला.

मोजणी पाहणाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. नावाखाली प्रत्येकानं आपला हुद्दा लिहायचा होता. पुंडलिकनं पेन घेतलं, नाव लिहिलं, जरा थांबला आणि खाली मराठीत आणखी काहीतरी लिहून कागद पुढे सरकवला. रंगनाथांना ते वाचता येईना. त्यांनी अर्जुनला विचारलं.

अर्जुननं कागद बघितला आणि कन्नडमध्ये सांगितलं, “तारा मिराशीचा मामा, असं लिहिलंय.”

रंगनाथांनी ते तसंच राहू दिलं.